माळ्यावर सापडलेले जुने रोल: कुठे आणि कसे धुवायचे?

गिरगावकरीण

नमस्कार मंडळी. आमची चाळ पुनर्विकासात जातेय, त्यामुळे सध्या घरात आवराआवर चालू आहे. माळा रिकामा करताना आजोबांच्या ट्रंकेत, पोर्ट ट्रस्टच्या पगाराच्या कागदांखाली, डालड्याचा एक जुना डबा निघाला. आत फोटोचे रोल. आजोबांकडे आग्फा क्लिक थ्री होता, तो अजून आहे आणि खटका दाबला की आवाजही करतो. रोल धुवायचे का राहिले हे सांगणारं आता फक्त आजी. तिचं म्हणणं, "पगार झाला की देऊ म्हणायचे, मग दुसरा खर्च निघायचा."

डब्यात इंदू या ब्रँडचा एक १२० चा (रुंद, मागे कागद असलेला) ब्लॅक अँड व्हाइट रोल आहे, वापरलेला, वर कागदी पट्टी चिकटवलेली. ऑर्वो या पूर्व जर्मन कंपनीचा एनपी २२ हा तसाच एक. इंदूचाच आणखी एक रोल आहे, पण खोकंसुद्धा फोडलेलं नाही, त्यावर मुदत १९८४ ची. शिवाय ३५ मिमीच्या दोन डब्या: एक कोडॅकची, तिच्यावर प्रोसेस सी-४१ असं लिहिलंय, आणि एक ऑर्वोक्रोम यूटी १८. या दोन बहुतेक काकाच्या कॅमेऱ्यातल्या.

जवळच्या स्टुडिओवाल्याला दाखवले. तो म्हणाला, "मशीनमध्ये टाकून बघतो, आलं तर आलं." द्यावेत का? आणि घरी करता येण्यासारखं असेल तर मी शिकायला तयार आहे, पण बाथरूम एकच आहे आणि घरात माणसं पाच.

क्लिकथ्री

बाकीचं नंतर लिहितो, आधी हे वाचा: इंदू आणि एनपी २२ त्या मशीनमध्ये देऊ नका!

स्टुडिओतलं मशीन रंगीत फिल्मचं, म्हणजे सी-४१ चं असतं. त्या प्रक्रियेत ब्लीच आणि फिक्सर मिळून फिल्ममधली सगळी चांदी काढून टाकतात. रंगीत फिल्मला ते चालतं, कारण तिथे चित्र रंगद्रव्यांचं बनलेलं असतं. ब्लॅक अँड व्हाइटमध्ये चांदी हेच चित्र. मशीनमधून कोरी पारदर्शक पट्टी बाहेर येईल आणि मग जगातला कोणीही काही करू शकणार नाही. "आलं तर आलं" नाही, येणारच नाही.

कोडॅकची सी-४१ वाली मात्र लॅबला देता येईल. यूटी १८ ही स्लाइडची फिल्म, तिची प्रक्रिया ऑर्वोची स्वतःची होती आणि ती रसायनं आता दुकानात मिळत नाहीत. ती बाजूला ठेवा. ब्लॅक अँड व्हाइटसाठी डार्करूमवाले काका येतीलच.

जुना डार्करूमवाला

आलो.

ताई, घाई नको. चाळीस वर्षं थांबलेले रोल पावसाळा संपेपर्यंत थांबतील. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून सगळे फ्रिजमध्ये ठेवा. बाहेर काढाल तेव्हा डबा लगेच उघडू नका, खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर फिल्मवर दव धरतं.

मी फोर्टातल्या एका दैनिकाच्या डार्करूममध्ये नोकरी केली. वानखेडेवरून रोल यायचा, कडक डेव्हलपरमध्ये (चित्र उमटवणाऱ्या रसायनात) भराभर निघायचा आणि निगेटिव्ह ओली असतानाच एन्लार्जरमध्ये जायची. तुमच्या कामाला त्यातलं फारसं काही उपयोगाचं नाही. उलट करायचं आहे.

लोक इथे दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करतात. मुदत संपलेली फिल्म आज कॅमेऱ्यात घालून फोटो काढणं ही एक. तिथे जास्त प्रकाश द्यायचा, दर दहा वर्षांना एक स्टॉप (म्हणजे दुप्पट प्रकाश) वगैरे ठोकताळे तिथले. दुसरी गोष्ट तुमची: प्रकाश आजोबांनी तेव्हाच देऊन ठेवला आहे, त्यात आता भर घालता येत नाही. हातात उरतं ते फक्त रसायन.

माळ्यावर त्या फिल्मचं काय झालं असेल ते सांगतो. खटका दाबल्यावर फिल्मवर न दिसणारं जे चित्र उमटतं ते वर्षानुवर्षं हळूहळू विरत जातं. दमट उकाड्यात जास्त, आणि सावलीतला तपशील सर्वांत आधी. त्याच वेळी प्रकाश न लागलेले कणसुद्धा आपोआप डेव्हलप व्हायला तयार होत जातात. तो फॉग. निगेटिव्हवर सगळीकडे करडा थर येतो. म्हणजे चित्र खाली उतरलंय आणि जमीन वर आलीय. जास्त वेळ डेव्हलप केलं तर दोन्ही वाढतात, पण एका मर्यादेपुढे फॉग जास्त वेगाने वाढतो. म्हणून फॉग दाबायचा आणि चित्र जेवढं आहे तेवढं राखायचं.

खोक्यावरच्या तारखेला फार किंमत देऊ नका. ती नीट साठवलेल्या फिल्मची तारीख. छपराला लागून असलेल्या माळ्यावरचा मे महिना त्या तारखेला माहीत नाही. त्यातल्या त्यात बरं हे की तुमच्या फिल्म फार वेगवान नाहीत. एनपी २२ मधला २२ हा डिनचा आकडा, म्हणजे १२५ एएसए; डिन आणि एएसए ही फिल्मचा वेग सांगायची दोन मापं. वेगवान फिल्म फॉग लवकर धरते. तिथे ४०० ची एनपी २७ असती तर मी एवढं लिहायला बसलो नसतो.

आता मुख्य मुद्दा. तुमच्याकडचा न फोडलेला इंदू कपाटात शोभेला ठेवायचा मोह होईल. हिंदुस्थान फोटो फिल्म्स, उटीचा सरकारी कारखाना, १९६० ची कंपनी, आता तो माल बनत नाही, सगळं कबूल. तरी तोच आधी खर्च करा. तो त्याच कंपनीचा, त्याच डब्यात, त्याच माळ्यावर तितकेच उन्हाळे काढलेला रोल आहे. माळ्याने किती नुकसान केलं हे मोजायला याहून चांगलं साधन तुम्हाला कोणी देऊ शकत नाही.

क्लिक थ्रीमध्ये तो भरा. भर उन्हात एक फोटो काढा, पुढचं घर (एका फोटोची जागा) रिकामं सोडा, पुन्हा एक काढा, असं बारापर्यंत. या कॅमेऱ्यात खटका न दाबताही लाल खिडकीत बघून रोल पुढे नेता येतो, तेच इथे कामाला येतं. मग अंधारात त्या रोलचे तीन तुकडे करा. प्रत्येकात काढलेले फोटोही येतील आणि कोरी जागाही. कोऱ्या जागेवर निव्वळ फॉग दिसेल, बाजूला चित्र. एखादं घर मधोमध कापलं जाईल, जाऊ दे.

डेव्हलपर एचसी-११० मिळाला तर उत्तम. एक भाग सिरप, ३१ भाग पाणी, २० अंशाला पाच-सहा मिनिटं, ही सुरुवात. जुन्या फिल्मला लोक तो वापरतात कारण फॉग कमी देतो. पहिला तुकडा नुसत्या डेव्हलपरमध्ये. दुसऱ्याला बेन्झोट्रायाझोलचं एक टक्का द्रावण, लिटरला १० मिली. तिसऱ्याला २० मिली. हे रसायन फॉग अडवतं, पण थोडं चित्रही खातं, म्हणून तीन मापं. कोरड्या झाल्या की तिन्ही पट्ट्या वर्तमानपत्रावर ठेवा. जिच्या कोऱ्या जागेतून बातमी वाचता येते आणि जिच्यात फोटोचा तपशीलही टिकलाय ती निवडा. आजोबांचा इंदू त्या मापाने.

एचसी-११० नाही मिळाला तर डी-७६ घरी बनवा. लिटरला मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम, बोरॅक्स २ ग्रॅम. प्रिन्सेस स्ट्रीटला केमिकलवाल्यांकडे विचारा. आधी चिमूटभर सल्फाइट, मग मेटॉल, मग उरलेलं सल्फाइट आणि बाकीचं. वेळा मात्र वेगळ्या लागतील, त्याही अशाच तुकड्यांवर काढायच्या. हातमोजे घालाच. मेटॉलने आमच्या एका सहकाऱ्याच्या बोटांना कायमचं इसब झालं होतं.

एनपी २२ साठी वेगळा नमुना नाही. पण १२० च्या वापरलेल्या रोलचं बाहेरचं टोक म्हणजे बाराव्या फोटोनंतरची शेपटी, आणि ती कागदाला चिकटवलेली नसते. अंधारात कागद उलगडत गेलात की फिल्मची मोकळी कड हाताला लागते. तिथला एक-दीड सेंटीमीटर कापून घ्या. त्याचे छोटे तुकडे करून तसाच फॉग तपासा.

हायपोबद्दल, म्हणजे फिक्सरबद्दल, एकच: उजेडात फिल्मचा एक तुकडा त्यात टाकून किती वेळात पारदर्शक होतो ते बघा, त्याच्या दुप्पट वेळ द्या. आणि ओली फिल्म दोन बोटांत धरून निरपू नका. जुनं जिलेटिन मऊ असतं, बोटाबरोबर निघून येतं.

सावंतवाडीचा मुंबईकर

काका, छान माहिती. पण एवढं निराश कशाला व्हायचं? आंद्रेच्या बलूनची गोष्ट आहे ना. १८९७ साली ते तिघे स्वीडिश लोक बलूनमधून उत्तर ध्रुवाकडे गेले आणि परतलेच नाहीत. १९३० मध्ये एका बेटावर त्यांचे मृतदेह आणि फिल्म सापडल्या. ३३ वर्षांनी स्टॉकहोममध्ये जॉन हर्ट्झबर्ग यांनी त्या धुतल्या आणि २४० पैकी ९३ फोटो वाचवले. बर्फात, ओलीत पडलेल्या फिल्म! मग ट्रंकेतल्या का नाही येणार? मी तर म्हणेन थोडं जास्तच डेव्हलप करा, दीडपट वेळ, म्हणजे चित्र वर येईल.

जुना डार्करूमवाला

सावंतवाडीकर, गोष्ट खरी आहे आणि आकडेही. पण ती माझ्या बाजूने बोलते. त्या फिल्म ३३ वर्षं बर्फात होत्या. थंडीत फॉग फारसा वाढत नाही आणि चित्रही विरत नाही. हर्ट्झबर्गना ओलीशी झगडावं लागलं, उन्हाळ्याशी नाही. आपल्याकडे माळ्यावर ओलही आहे आणि उन्हाळाही.

दीडपट वेळेचं म्हणाल तर तीन तुकड्यांतल्या एकावर खुशाल करून बघा. आजोबांच्या रोलवर नको.

क्लिकथ्री

मी कांदिवलीला सातव्या मजल्यावर बाथरूममध्येच रोल धुतो, तर घरगुती अडचणींबद्दल थोडं.

मुंबईत सगळ्यात मोठं भांडण पाण्याशी. एप्रिल-मेमध्ये दुपारी टाकीतून येणारं पाणी चहाला चालेल इतकं गरम असतं. रात्री झोपण्याआधी दोन बादल्या भरून ठेवायच्या आणि काम पहाटे, घरातले उठायच्या आत. पाच माणसांत एक बाथरूम असेल तर तसंही दुसरी वेळ नाही. डेव्हलपरची बाटली बर्फाच्या पाण्यात उभी करायची, बर्फ डेव्हलपरमध्ये टाकायचा नाही. २० अंश जमत नसेल तर २४ ला करा, वेळ कमी करा: २० ला आठ मिनिटं लागत असतील तर २४ ला साधारण साडेपाच. पण ठरवलेलं तापमान डेव्हलपर, हायपो आणि धुण्याचं पाणी या सगळ्यांना एकच ठेवा. गारमधून एकदम गरम पाण्यात फिल्म गेली तर जिलेटिनवर सुरकुत्यांचं जाळं पडतं, ते परत जात नाही.

अंधारासाठी बाथरूमच हवी असं नाही. चेंजिंग बॅग, म्हणजे उजेड आत न जाणारी पिशवी मिळते, तिच्यात हात घालून रोल रिळावर चढवायचा, रीळ फिल्म धुवायच्या छोट्या टाकीत ठेवायचं आणि झाकण लावायचं. पुढचं सगळं उजेडात. मात्र ऑक्टोबरपर्यंत बॅगेत हाताला घाम येतो आणि प्लास्टिकच्या रिळावर दमट फिल्म अर्ध्यात अडकते. जुनी फिल्म तर इतकी वळलेली असते की स्प्रिंगसारखी उसळून परत गुंडाळी होते. मी स्टीलचं रीळ वापरतो. सवयीला वेळ लागतो, आधी एखाद्या वाया गेलेल्या फिल्मवर डोळे मिटून सराव करा.

डेव्हलपरच्या आधी दोन-तीन मिनिटं साध्या पाण्यात भिजवा. ते पाणी निळं-हिरवं निघालं तर घाबरू नका, फिल्मच्या मागचा रंग असतो तो.

आणि जुन्या १२० मध्ये कागद फिल्मला चिकटलेला असू शकतो. ओढून सोडवायचा नाही. काका, त्याला तुम्ही काय कराल?

जुना डार्करूमवाला

चिकटलेला भाग तसाच साध्या पाण्यात अंधारात भिजू द्यायचा, कागद आपण होऊन सुटेपर्यंत. कागदाचे कण राहिले तर राहू देत. पण बुरशी असेल तर भिजवणं शक्य तेवढं कमी, कारण बुरशीने खाल्लेलं जिलेटिन पाण्यात विरघळतं. वास घ्या ताई: व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर फिल्मचा प्लास्टिकचा पायाच सडायला लागलाय. तसं असेल तर पावसाळ्याचं मी म्हटलेलं विसरा, लगेच करा.

गिरगावकरीण

सगळ्यांचे आभार. आंबट वास नाही, डालड्याचाही नाही. फ्रिजमध्ये ठेवलेत. आईने कोथिंबिरीचा डबा समजून एकदा उघडला, पण रोल कागदात गुंडाळलेलेच होते. दिवाळीनंतर हात घालते. स्टुडिओवाल्याला नाही म्हटलं, तो जरा नाराज झाला.

गिरगावकरीण

धागा वर काढतेय.

क्लिकथ्री यांच्या घरी जाऊन सगळं केलं, त्यांच्या वहिनींनी पहाटे बाथरूम मोकळं करून दिलं याबद्दल त्यांचे वेगळे आभार. एचसी-११० मिळाला. न फोडलेला इंदू ठाकूरद्वारच्या नाक्यावर काढला. एक फोटो, एक रिकामं घर, काका म्हणाले तसं. फळवाल्याला वाटलं कॅमेरा बिघडलाय.

पहिली पट्टी, नुसत्या डेव्हलपरची, इतकी करडी की खालचा मथळा जेमतेम दिसत होता. २० मिलीवाली स्वच्छ, पण फळवाल्याचा चेहराच गायब. १० मिलीवाली मधली: बातमी वाचता आली आणि पपयाही मोजता आल्या. दीडपट वेळ कुठल्याच तुकड्यावर केला नाही, सावंतवाडीकरांनी माफ करावं.

मग आजोबांचा इंदू. निम्म्याहून जास्त फोटो आलेत! फिकट आहेत, कडांना जास्त काळोखी आहे, पण आलेत. कमला नेहरू पार्कमध्ये म्हातारीच्या बुटाच्या खिडकीतून डोकं बाहेर काढलेले बाबा आणि आत्या. एकात आजी, चौपाटीवर, कॅमेऱ्याकडे न बघता. तिला दाखवला तर म्हणाली, "ती साडी आत्याला दिली, तिने कधी नेसली नाही." फोटोबद्दल एवढंच.

एनपी २२ ची शेपटी तपासून १५ मिली घेतलं. त्यातले चेहरे इंदूपेक्षा चांगले आहेत, पण आकाशात सगळीकडे ठिपके आणि आकडे उमटलेत. एका फोटोत देवळाच्या कळसाशेजारी चक्क ७ आहे. हे धुऊन जाईल का? आणि यूटी १८ आणि कोडॅकचं काय करू?

जुना डार्करूमवाला

१५ मिली स्वतःच्या डोक्याने घेतलंत, बरं केलंत.

आकडे जाणार नाहीत. मागच्या कागदावरची छपाई दमटपणात फिल्मच्या थरावर परिणाम करते, ते निगेटिव्हमध्येच बसलंय. पुन्हा धुण्याच्या फंदात पडू नका, जे आहे तेही जाईल. स्कॅन केल्यावर संगणकावर हवा तर तो ७ पुसा. मी नसता पुसला.

स्कॅनसाठी दुकान शोधायची गरज नाही. लाइट पॅडवर निगेटिव्ह ठेवा, भोवती काळ्या कागदाची चौकट, वरून डिजिटल कॅमेऱ्याने रॉ फाइल काढा. आमच्या वेळी असल्या फिकट निगेटिव्हला सगळ्यात कडक पेपर लावूनही चिखलच यायचा. आता त्या करड्या थराखालचा फरक संगणकावर ताणता येतो. जुन्या फिल्मच्या बाबतीत आजचे दिवस जास्त चांगले आहेत, हे मी डार्करूमवाला असून म्हणतोय.

कोडॅक लॅबला द्या, पण सांगून द्या: नेहमीचीच वेळ, ३७.८ अंशाला सव्वातीन मिनिटं, वाढवू नका. आणि निगेटिव्ह न कापता परत करा. जुनी फिल्म कडक होते, मशीनमध्ये भोकांशी फाटू शकते, म्हणून हाताने टाकीत धुणारा मिळाला तर त्यालाच द्या. रंग वेडेवाकडे येणार, सावल्या एका रंगाच्या, उजेड दुसऱ्या. फारच बिघडले तर ब्लॅक अँड व्हाइट करून बघा, चेहरे तरी मिळतील.

यूटी १८ ब्लॅक अँड व्हाइट म्हणूनच धुवावी लागेल. रंग मिळणार नाहीत, त्यात जीव अडकवू नका. तिच्या थरांमध्ये बारीक चांदीचा पिवळा फिल्टर असतो. मूळ प्रक्रियेत तो ब्लीचमध्ये निघून जायचा, आपल्या प्रक्रियेत तो तसाच राहणार. निगेटिव्ह पिवळट-तपकिरी आणि दाट दिसेल, वाया गेली समजून फेकू नका. स्कॅनमध्ये फक्त लाल चॅनेल घ्या, पिवळा थर लाल प्रकाशाला फारसा अडवत नाही. तिच्या टोकाचाही तुकडा आधी कापून बघा. बेन्झोट्रायाझोल इथे थोडं जास्त लागेल असा माझा अंदाज.

धुतलेल्या निगेटिव्ह तीन-तीन फोटोंच्या पट्ट्या करून पॉलिप्रॉपिलिनच्या पाकिटांत ठेवा. स्टेशनरीवाल्याकडची पीव्हीसीची स्वस्त पाकिटं नकोत, ती काही वर्षांनी फिल्मला चिकटतात. आणि नव्या घरात माळा असेल तर तिथे नाही.

क्लिकथ्री

यूटी १८ ला येताना ३५ मिमीचं स्टीलचं रीळ घेऊन या, माझ्याकडे फक्त १२० चं आहे. वहिनी म्हणतायत, रविवार सोडून कधीही.